घंटा माझ्या हातात होती

वाईहून निघालो तेव्हाच मी चिडलेला होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या रागातला किती तिकडचा आणि किती घरूनच बांधून नेलेला, ते वाचकांनी आपलं आपण ठरवावं. मोटर साडेसहाची होती. आठ वाजले तरी ड्रायव्हर मागच्या टाकीत कोळसे घालून पंखा फिरवत बसला होता. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालायला लागलेल्या या मोटारी लढाई संपून गेली तरी तशाच धूर ओकत चालल्या आहेत. स्वराज्य येऊन चार महिने झाले, पण चढ आला की उतारूंनी खाली उतरून मोटर ढकलायची, हा नियम काही बदललेला नाही. वाठार स्टेशनावर पोचलो तेव्हा माझं परीटघडीचं धोतर काळंठिक्कर झालं होतं.

मी वाईच्या एका शाळेत गायन शिकवतो. आष्ट्याच्या अलीकडे माळावर शाहिरांचा आणि लोककलांचा दोन दिवसांचा मोठा मेळा भरणार होता, त्याचं बोलावणं आलं होतं. बेचाळीसनंतर ज्या गावांनी गोऱ्या सरकारला जुमानलं नाही, त्या गावांनी भरवलेला हा मेळा. शाहीर येणार, कलापथकं येणार, लेझीम, भजनी मंडळं, सगळं येणार. मेळ्याचा चिटणीस वसंता हा माझा जुना विद्यार्थी. शाळेत असताना त्याचा सूर कधी लागला नाही, पण तासाला एक मिनिट उशिरा आला नाही. असा मुलगा चिटणीसच व्हायचा.

आगगाडीत समोर एक पेन्शनर हवालदार बसले होते. कराडला उतरणार होते. गाडी रहिमतपूर सोडून पुढे निघाली तेव्हा त्यांनी बोलणं काढलं.

"कुटं निगाला मास्तर?"

"आष्ट्याला. शाहिरांचा मेळा आहे."

"व्हय व्हय. तितं कमानीवर आमच्या धाकट्या भावाचं नाव लागलंय. म्या सरकारची चाकरी केली, त्यानं सरकारचं रूळ उपटलं आन् तुरुंगात मेला. पेन्शन मला मिळाली, नाव त्येला." त्यांनी त्याचं नाव आणि आपलं गाव सांगितलं. मग म्हणाले, "तेवडं वाचून या. वर गावाचं नाव नीट काडलंय का, ते बी बगा."

ताकारीला उतरून इस्लामपूरची मोटर धरली, तिथून आष्ट्याकडे. दोन्ही अंगांना ऊस, मधेच शाळूची हिरवी रानं आणि जागोजाग गुऱ्हाळांचा धूर. एका गुऱ्हाळापाशी मोटर थांबली, कारण ड्रायव्हरला काकवी घ्यायची होती. गुळव्याने आम्हा सगळ्यांच्या हातावर पळसाच्या पानात गरम गूळ ठेवला. माझी जीभ भाजली, पण तो गूळ मी शेवटपर्यंत खाल्ला आणि ड्रायव्हरवरचा राग थोडा उतरला.

माळावर कमान होती ती खरोखर पाहण्यासारखी. बांबूंची, दोन पुरुष उंच, आणि तिच्यावर लाल फळ्या लावून पांढऱ्या रंगात हुतात्म्यांची नावं काढलेली. प्रत्येक गावाचं नाव वर, त्याखाली त्या गावची माणसं. ही सगळी नावं पुढे दगडी स्तंभावर कोरली जाणार होती. गावागणिक नावं लिहायची कल्पना मला फारच पटली. हवालदारांच्या भावाचं नाव मी शोधून वाचलं. गावाचं नावही नीट होतं. शेजारच्या फळीवर मेळ्याच्या अध्यक्षांच्या सख्ख्या भावाचं नाव होतं.

वसंता धावत आला, पाया पडला आणि लगेच माझ्या मनगटाकडे बघायला लागला. माझ्या मेहुण्याने मिसरच्या लढाईवरून आणलेलं घड्याळ आहे ते, चांगलं चालतं.

"सर, तुम्ही देवासारखे आलात. घंटा तुम्ही सांभाळा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. शाहीर मंडळी कुणाचं ऐकत नाहीत, पण तुम्हाला भितील."

आता मास्तरच्या हातात घंटा दिली की तो खूश. रात्र मांडवातच काढली आणि सकाळी मेळा सुरू होताच मी स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून बसलो. समोर सात-आठ हजार माणूस तरी असेल; पागोटी, टोप्या, आणि उजव्या अंगाला बायका. सकाळच्या तीन शाहिरांना मी बरोबर पंधराव्या मिनिटाला थांबवलं. एकाचा डफ ऐन रंगात आला होता, त्याने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मीही पाहिलं. गाण्यापेक्षा शिस्तच मला त्या दिवशी जास्त गोड वाटत होती, हे कबूल करतो.

अकराला अध्यक्षांचं भाषण होतं. त्याआधीची पंधरा मिनिटं धनगरांच्या ओवीला दिली होती. खरं म्हणजे अध्यक्षांची मोटर येईपर्यंत माणसं उठू नयेत म्हणून. सात जण स्टेजवर चढले. खांद्यावर घोंगडी, दोन मोठे ढोल, एक झांज. मेंढरं घेऊन आटपाडीच्या बाजूने दर हिवाळ्यात इकडे उतरणारी ही माणसं. त्यांचा तळ जवळच एका रानात पडला होता. पुढचा म्हातारा, बिरा त्याचं नाव, माझ्यापाशी येऊन वाकला.

"मास्तर, गानं लय लांबीचं हाय. चालंल न्हवं?"

"चालेल. पण घंटा झाली की थांबायचं."

"थांबतू की," तो म्हणाला.

त्याने कानावर हात ठेवला आणि सुंबरान (देवाचं, वाडवडिलांचं स्मरण) मांडलं. गायनमास्तर म्हणून सांगतो, स्वर तीनच होते. पण एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती पडायच्या आत झेलायची, हे त्यांचं काम इतकं चोख होतं की मला पहिल्यांदा हेवा वाटला. मग कंटाळा आला. आधी देव आले, बिरोबा, मायाक्का. मग डोंगर. मग नद्या, त्यांचे उतार. मग कुठला पणजा कुठल्या दुष्काळात किती मेंढरं घेऊन कुठे उतरला. मी घड्याळ बघत होतो. तेरा मिनिटं झाली आणि स्वारी अजून आज्यापर्यंतच पोचली होती. हा बाबा मुद्द्यावर येणार कधी, असं मी मनात म्हणालो, आणि पंधराव्या मिनिटाला घंटा वाजवली.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, ढोलावर हात ठेवला. सगळे एकदम थांबले आणि खाली उतरले. शाहिरांनी यांच्याकडून शिकावं, असं मी वसंताला म्हटलंसुद्धा.

अध्यक्ष आले. चांगला वक्ता माणूस, खादीत रुबाबदार दिसणारा. भूमिगत होते तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. ते आणि दोन सोबती पोलिसांच्या वेढ्यातून निसटले. एका धनगराच्या तळावर पोचले. त्या धनगराच्या तरण्या मुलाने त्यांना डोंगरातून वारणेपर्यंत नेऊन सोडलं, आणि मागे फिरताना आपली सगळी मेंढरं त्यांच्या पावलांवरून हाकली. सकाळी पोलीस माग काढत आले तर वाटेवर खुरांशिवाय काही नाही!

"त्या मुलाला पुढे पोलिसांनी धरलं," अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "तो मेला, पण बोलला नाही. मित्रहो, त्याचं नाव मला ठाऊक नाही. असे अनाम वीर या मातीत किती झाले असतील!"

टाळ्या थांबेनात. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटते लिहायला, पण आलं.

जेवणाची सुट्टी झाली. भाकरी, वांग्याची भाजी, लाल आमटी आणि खर्डा. हात धुवायला पाणी शोधत मांडवाच्या मागे गेलो तर बाभळीखाली ते धनगर बसलेले. ढोल समोर उभे करून ठेवलेले. एक म्हातारी भाकरीची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती, पाटीवरचं फडकं काढलेलं नव्हतं.

"जेवला नाहीत?" मी विचारलं.

"आवं, सुंबरान मांडल्यालं हाय न्हवं," बिरा म्हणाला. "ते उतरल्याबिगर घास कसा घ्याचा? तुमी घंटी फिरून कवा देताय?"

मला क्षणभर समजेना. मग समजलं. शाळेत मधल्या सुट्टीला घंटा होते आणि परत होते, तशी ही असणार, असं धरून ते दोन तास उपाशी बसून राहिले होते. मी सांगितलं की घंटा म्हणजे संपलं.

म्हातारी म्हणाली, "संपलं कसं? पोराचं ऱ्हायलं की."

"कुठल्या पोराचं?"

"आमच्या. तेच्यासाटनं तर आलाव."

मग बिराने सांगितलं. भूमिगतांच्या दिवसांत तिघं जण त्यांच्या तळावर आले होते. मुलाने त्यांना वारणेवर पोचवलं. येताना मेंढरं पावलांवरून घातली. पोलिसांनी त्याला तीन दिवस ठेवून घेतलं आणि चौथ्या दिवशी घोड्यावर आडवा टाकून आणून दिला. दोन दिवस जगला. ऐकता ऐकता मी तिथेच खाली बसलो, कारण तासाभरापूर्वी हीच गोष्ट मी भोंग्यातून ऐकली होती आणि रुमाल काढला होता.

"कमानीवर त्याचं नाव का नाही?"

"गाव इच्यारलं त्यांनी. मूळ गावात गेलो, तर त्ये म्हनले तुमी आट म्हैनं भाईर, आमाला काय ठावं? ज्या रानात मेला तितलं म्हनले, ह्यो आमच्यातला न्हवं. मग तुमचं चिटणीस म्हनले, स्टेजवर म्हना, लोकांनी ऐकलं तर लिवू. म्हनून मांडलं सुंबरान. पोराच्या दाराशी आलो आन् तुमी घंटी दिली."

मी तसाच वसंताकडे गेलो. तो पाहुण्यांना वाढत होता. पंगतीत काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. वसंताने ताट खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, घंटा तुम्हीच दिलीत ना?"

तोंडात मारल्यासारखं झालं. त्याचं काय चुकलं? मीच तर त्याला वेळेवर यायला शिकवलं होतं.

"बरं, नाव सांगा त्याचं," तो म्हणाला. "चिठ्ठीवर लिहून द्या, समितीपुढे ठेवतो. पण गाव लागेल हं सर. फळीवर वर गाव लिहावं लागतं."

मी परत बाभळीखाली आलो. खिशातून पेन्सिल काढली आणि म्हटलं, "बाबा, मुलाचं नाव सांगा. मी आत्ता लिहून देतो."

बिराने मान हलवली. "नुसतं न्हाई सांगायचं."

"अहो, लिहून दिलं तर कमानीवर लागेल!"

"मास्तर, तेचं नाव तेच्या बापजाद्यांच्या मागनं येतंय. देव, डोंगर, मग वाडवडील, मग त्यो. नुसतं नाव पोलिसबी मागत व्हते की."

पेन्सिल मी खिशात ठेवली.

दुपारच्या बैठकीला पुण्याकडच्या एका कलापथकाची सुरुवात होती आणि त्यांच्या पोशाखांची ट्रंक ताकारी स्टेशनावरच राहिली होती. ट्रंकेवाचून ते गाणार नव्हते. माणसं मांडवात येऊन बसली, स्टेज रिकामं. मी कुणाला विचारलं नाही. बाभळीखाली गेलो आणि म्हटलं, "चला. मोडलंत तिथून धरा."

"मोडल्यालं न्हाई," बिरा उठत म्हणाला. "थांबवल्यालं हाय."

आज्यापासून त्यांनी धरलं. पंधरा मिनिटं झाली. मी घंटा मांडीखाली घेऊन तिच्यावर बसलो. वसंता खालून हात करत होता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि त्याच्याकडेही नाही. पंचवीस मिनिटं झाल्यावर भोंगा बंद पडला, म्हणजे पाडला. त्यांना त्याचं काही नव्हतं. डोंगरातून डोंगरात हाक घालणारे गळे ते, त्यांना भोंगा लागतो होय? मागची माणसं उठून पुढे आली आणि जमिनीवर बसली. बायकांचा कलकलाट थांबला. पोराची मेंढरं आली, एकेका मेंढीच्या रंगासकट. रात्रीची पावलं आली. वारणेचा उतार आला. पोलिसांचा तळ आला आणि म्हाताऱ्याचा आवाज एकदाच चिरला. बाकीच्यांनी ती ओळ झेलली आणि पुढे नेली. मग नाव आलं. ढोलावर तीन वेळा आलं, आणि तिसऱ्या वेळी समोरच्या काही बायांनीही ते म्हटलं. मी पुष्कळ बैठकी ऐकल्या आहेत. असं कधी ऐकलं नाही.

या सगळ्यात अध्यक्ष केव्हातरी येऊन पहिल्या खुर्चीवर बसले होते. तोंडात विडा होता. नाव आलं तेव्हा ते वसंताकडे वाकून काहीतरी विचारत होते. ओवी संपली तसे ते उठले, गळ्यातला हार काढून बिराच्या गळ्यात घातला. भोंगा लगेच सुरू झाला.

"आपल्या या धनगर बांधवांनी किती सुरेख ओवी गायली! अशा कलेला उत्तेजन मिळालं पाहिजे."

मी उभा राहून ओरडलो, "नाव घ्या त्याचं!"

त्यांना वाटलं मी घोषणा मागतो आहे. हसून त्यांनी मूठ वर केली. "अनाम वीर!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या सात-आठ हजार माणसांनी, ज्यांनी आत्ताच नाव ऐकलं होतं त्या माणसांनी, "अमर रहे!" म्हणून आकाश फाडलं. मी भेकडही आहे, नाहीतर ती घंटा फेकून मारली असती.

त्यांच्या मोटरपाशी मी त्यांना गाठलं. सांगितलं, की तुम्हाला ज्याने वारणेवर सोडलं तो हाच, आणि हा त्याचा बाप. ते थांबले. खरंच विचारात पडले असं मला वाटलं.

"असेल," ते म्हणाले. "असेलही. पण मास्तर, नाव नाही म्हणून तो सगळ्यांचा आहे. नाव दिलं की तो एका धनगराचा झाला. लोकांना भिडतं ते अनामच."

"मग कमानीवर तुमच्या सख्ख्या भावाचं नाव कशाला आहे? तो नको होता सगळ्यांचा?"

ते मोटरीत बसले. काच वर गेली. वसंता माझ्याकडे बघेना. घंटा मी त्याच्या हातात दिली आणि मेळ्याच्या दुसऱ्या दिवसाला थांबलो नाही.

निघताना बाभळीखाली गेलो. ते सगळे जेवत होते, भूक लागलेली माणसं जेवतात तसे. बिराच्या गळ्यातला हार त्याने ढोलाला घातला होता. त्याने अर्धी भाकरी माझ्यापुढे केली.

"घ्या. झालं न्हवं आता? लोकांनी ऐकलं."

"पण लिहिलं नाही कुणी."

"ऐकलं न्हवं," तो पुन्हा म्हणाला. त्याचं समाधान झालं होतं. मला त्याच्या समाधानाचाही राग आला. म्हातारीने मात्र माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "सकाळी घंटी दिली तवा काळजात लय धस्स झालं वो." भाकरी मी रुमालात बांधून घेतली.

परतीच्या गाडीत गर्दी होती. उभ्यानेच आलो. वाईला आल्यावर चार दिवसांनी वर्तमानपत्रात मेळ्याची हकीकत वाचली. अध्यक्षांचं भाषण संपूर्ण छापलं होतं, अनाम वीरासकट. खाली एक ओळ होती, की धनगरांच्या ढोलांनी कार्यक्रमात रंगत आणली. वसंताला मी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याला उत्तर आलं: समितीने सहानुभूतीने विचार केला, तथापि गावाचा दाखला नसल्याने स्तंभाच्या यादीत नाव घेता येत नाही. ज्या माणसांनी सरकारचे कागद जाळले, त्यांना चार महिन्यांत दाखला मागता यायला लागला. इतक्या लवकर कुणी शिकवलं त्यांना? त्यातल्या एकाला तरी मी शिकवलं आहे, म्हणून विचारतो.

अध्यक्ष पुन्हा कुठेतरी ती गोष्ट सांगतील. तुमच्या गावातही सांगतील. लोक डोळे पुसतील आणि टाळ्या वाजवतील. तुम्ही त्या वेळी मांडवात असाल तर उठा आणि नाव सांगा. ऐकून घेणार नाहीत, तरी सांगा. मात्र नुसतं सांगू नका. देव, डोंगर आणि नद्या मला जमणार नाहीत, त्या ढोलावरच शोभतात. माणसं तेवढी मी पाठ केली आहेत, त्याच्या बापाने लावली त्याच क्रमाने.

धोंड्याचा म्हाकू. म्हाकूचा सिदा. सिदाचा बिरा. बिराचा धुळा.